शाळेबाहेरून दहावी, बारावी आणि पुढे महाविद्यालय: घरी शिकणाऱ्या मुलांच्या पालकांसाठी

मूल बारा-तेरा वर्षांचे होईपर्यंत घरी शिकवणे हा बहुतांशी घरातला मामला असतो. इतिहास पुस्तकातून शिकवला की अजिंक्यताऱ्यावर बसून, अपूर्णांक वहीत शिकवले की भाकरीच्या तुकड्यांवर, याचा हिशेब कोणी मागत नाही. चौदाव्या वर्षाच्या आसपास मात्र बाहेरची माणसे प्रश्न विचारू लागतात आणि ते प्रश्न थेट महाविद्यालयाच्या प्रवेशखिडकीपर्यंत सोबत येतात: दहावी कोणत्या मंडळाची, बारावीला विषय कोणते, प्रात्यक्षिके झाली होती का, शाळा सोडल्याचा दाखला कुठे आहे. म्हणून या वयातल्या घरशिक्षणाची आखणी शेवटाकडून सुरुवातीकडे करावी, असे माझे ठाम मत आहे. मुलाला अठराव्या वर्षी कोणत्या दारातून आत जायचे आहे याचा ढोबळ का होईना, अंदाज घ्यावा, त्या दारावर काय मागतात ते पाहावे आणि तेथून एकेक पायरी मागे येत आजच्या दिवसापर्यंत पोहोचावे.

आमची मुलगी सातवीनंतर शाळेत गेली नाही. साताऱ्याला घरीच शिकून तिने राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून दहावी आणि बारावी केली आणि आता ती पुण्यात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. पुढे जे लिहिले आहे ते या सहा-सात वर्षांत आम्ही शिकलो ते आहे. प्रवेशाच्या तारखा आणि काही अटी दरवर्षी थोड्याफार बदलतात, त्यामुळे अर्ज भरण्यापूर्वी त्या वर्षाची माहितीपुस्तिका पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचण्याचे काम कोणालाही चुकत नाही.

कायद्याची भीती अनेक पालकांना वाटते, त्याविषयी थोडक्यात सांगते. २००९ चा शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि तो ६ ते १४ या वयोगटासाठी आहे. त्या कायद्याचा मुख्य भार शासनावर आहे. चौदा वर्षे पूर्ण झाल्यावर मूल कोणत्या मार्गाने शिकते यावर त्या कायद्याचे बंधन उरत नाही, आणि मुक्त शिक्षणाची मंडळे तर अशाच मुलांसाठी उभी आहेत.

मंडळ निवडताना

महाराष्ट्रातील मुलापुढे साधारण चार वाटा असतात. पहिली वाट राज्य मंडळाची, म्हणजे ज्याला बोलीभाषेत 'सतरा नंबरचा फॉर्म भरणे' म्हणतात ती. खासगी विद्यार्थी म्हणून नावनोंदणी करायची, मंडळाने नेमलेल्या संपर्क केंद्रामार्फत अर्ज पुढे जातो आणि मूल फेब्रुवारी-मार्चमध्ये इतर सगळ्या मुलांबरोबर तीच प्रश्नपत्रिका सोडवते. मराठी माध्यमातून कला किंवा वाणिज्य शाखेकडे जाणाऱ्या मुलांसाठी ही वाट सोपी आणि ओळखीची आहे, कारण पुस्तके बालभारतीची, जुन्या प्रश्नपत्रिका हव्या तितक्या आणि गुणपत्रक पाहून कोणीही भुवया उंचावत नाही. दुसरी वाट राज्य शासनाच्या मुक्त विद्यालय मंडळाची. हे मंडळ २०१७ साली स्थापन झाले आणि त्याच्या परीक्षा पाचवी व आठवीच्या स्तरापासून सुरू होतात. तिसरी वाट केंब्रिजसारख्या आंतरराष्ट्रीय मंडळाची. ती महाग आहे, खासगी विद्यार्थ्याला परीक्षेला बसू देणारी शाळा शोधावी लागते आणि भारतीय विद्यापीठात जायचे झाल्यास विषयांची संख्या व श्रेणी समकक्षतेच्या नियमांत बसते ना, हे आधीच पाहावे लागते. परदेशी शिकायला जाण्याचे निश्चित असेल तरच ही वाट धरावी.

चौथी वाट राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची, जिला सगळे एनआयओएस म्हणतात; पुढे नुसते 'मुक्त विद्यालय' म्हटले आहे ते हिलाच. १९८९ साली राष्ट्रीय मुक्त विद्यालय या नावाने ही संस्था सुरू झाली, २००२ मध्ये तिला आजचे नाव मिळाले. तिचे मुख्यालय नोएडाला असून पुण्यात प्रादेशिक केंद्र आहे. घरी शिकणारी बहुतेक मुले या वाटेने जातात आणि आम्हीही तीच निवडली. दहावीच्या प्रवेशासाठी किमान वय १४ आणि बारावीसाठी १५ वर्षे आहे. आठवी उत्तीर्ण असल्याचा कागद नसला तरी, दहावीचा अभ्यासक्रम झेपेल इतके शिक्षण झाले आहे असे स्वघोषणापत्र चालते. आमच्याकडे आठवीचे काहीच नव्हते, फक्त जन्मदाखला आणि सातवीनंतरचा शाळेचा दाखला होता आणि तेवढ्यावर प्रवेश झाला.

या संस्थेची खरी सोय विषयांच्या निवडीत आणि परीक्षेच्या वेळापत्रकात आहे. उत्तीर्ण होण्यासाठी पाच विषय लागतात, त्यांत किमान एक भाषा हवी आणि शिवाय दोन विषय जादा घेता येतात. दहावीला गणित सक्तीचे नाही, आणि नेमक्या याच सवलतीपाशी मी पालकांना थांबवते. मूल गणिताला घाबरते म्हणून चौदाव्या वर्षी गणित सोडून दिले, तर सोळाव्या वर्षी अकरावी विज्ञानाचे आणि पुढे कितीतरी अभ्यासक्रमांचे दार न कळत बंद होते, आणि मुलाला ते बंद झाल्याचे कळते तेव्हा उशीर झालेला असतो. गणित आणि विज्ञान हे दोन्ही विषय दहावीला ठेवावेत, गुण कमी पडले तरी चालतील. उरलेल्या तीन विषयांत मुलाच्या आवडीला मोकळे रान द्यावे. मुलीने इंग्रजी, मराठी आणि चित्रकला घेतली होती.

सार्वजनिक परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये होते. एकदा केलेली नोंदणी पाच वर्षे टिकते, तेवढ्या काळात नऊ संधी मिळतात आणि उत्तीर्ण झालेल्या विषयाचे गुण जमा राहतात. त्यामुळे पाचही विषय एका दमात देण्याची गरज नसते. आम्ही ऑक्टोबरच्या परीक्षेला मराठी आणि चित्रकला, व पुढच्या एप्रिलला गणित, विज्ञान आणि इंग्रजी अशी विभागणी केली. पहिल्या खेपेस हलके विषय घेतल्याने तिला परीक्षागृह, हॉल तिकीट, पर्यवेक्षक, घंटा या सगळ्याची ओळख फारसे दडपण न येता झाली. विभागणी करताना एक हिशेब मात्र आधी मांडावा: दहावी आणि बारावी उत्तीर्ण होण्यामध्ये दोन वर्षांचे अंतर अपेक्षित असते, म्हणून दहावीचा शेवटचा विषय एप्रिलऐवजी ऑक्टोबरवर ढकलला, तर बारावीचे प्रमाणपत्रही तेवढेच लांबते आणि जूनमध्ये सुरू होणारे प्रवेश हुकतात. हलके विषय आधी आणि जड विषय एप्रिलला, हा क्रम म्हणूनच ठेवावा.

प्रवेश घेताना एक अभ्यासकेंद्र निवडावे लागते. संपर्कवर्ग, गृहपाठाच्या उत्तरपत्रिका आणि प्रात्यक्षिके या सगळ्या गोष्टी त्या केंद्राशी बांधलेल्या असतात. केंद्र महाराष्ट्रातलेच निवडावे. नातेवाइकांकडे राहून दुसऱ्या राज्यातून परीक्षा देण्याचा मोह काहींना होतो, पण अभियांत्रिकी आणि वैद्यकीय प्रवेशात महाराष्ट्राचा उमेदवार म्हणून गणले जाण्यासाठी दहावी व बारावी या दोन्ही परीक्षा महाराष्ट्रातील संस्थेतून उत्तीर्ण झालेल्या असणे हा मोठा आधार असतो. विज्ञानाचे विषय असतील तर केंद्राला प्रत्यक्ष भेट देऊन प्रयोगशाळा पाहून यावी आणि प्रात्यक्षिकांचा सराव खरोखर करून घेतात का, हे मागच्या वर्षीच्या दोन-तीन मुलांना विचारावे. आम्ही पहिल्या वेळी घराजवळचे म्हणून निवडलेल्या केंद्रात उपकरणांच्या कपाटाला कुलूप होते आणि किल्ली कोणाकडे आहे हे कोणाला ठाऊक नव्हते. बारावीला आम्ही पुण्यातले केंद्र घेतले. एस.टी.ने तीन तास जाणे आणि तीन तास येणे परवडले, कारण तेथे तिला सूक्ष्मदर्शक स्वतःच्या हाताने लावायला मिळाला.

वर्षभराच्या मूल्यमापनात शिक्षकाने तपासायचे गृहपाठ असतात, त्यांना टीएमए म्हणतात. त्यांचा वाटा २० टक्के असतो. ते ठरलेल्या मुदतीत पाठवावे लागतात. अनेक मुले हे काम शेवटच्या आठवड्यात इकडून-तिकडून उतरवून उरकतात. तसे करू देऊ नये, कारण घरी शिकणाऱ्या मुलाला घराबाहेरच्या माणसाने वाचायचे उत्तर लिहिण्याची संधी वर्षात फार वेळा मिळत नाही. आमच्याकडे एका गृहपाठाला तीन रविवार ठरलेले होते: पहिल्याला कच्चे लिखाण, दुसऱ्याला तिच्या आत्याने वाचून न कळलेल्या ठिकाणी पेन्सिलीने केलेली खूण, तिसऱ्याला पक्की प्रत.

कागदपत्रांची फाइल

हे काम कंटाळवाणे आहे आणि नेमके याच कामात घरी शिकणाऱ्या मुलांची वर्षे जातात. मूल शाळेतून काढाल त्या दिवशी शाळा सोडल्याचा दाखला हातात घेऊन त्यातली प्रत्येक ओळ तिथेच उभे राहून वाचावी. नाव, आईचे नाव, जन्मतारीख अंकी व अक्षरी, जन्मस्थळ, जात आणि शेरा यांपैकी काहीही चुकले असेल, तर शाळेशी संबंध ताजा असतानाच दुरुस्ती होते. चार वर्षांनी मुख्याध्यापक बदललेले असतात आणि सर्वसाधारण नोंदवहीचा जुना खंड शोधायला कोणाला वेळ नसतो.

नावाचा क्रम आणि इंग्रजी स्पेलिंग यांविषयी थोडे विस्ताराने सांगायला हवे. आपल्याकडे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव अशी रीत आहे, काही प्रमाणपत्रांवर आडनाव आधी छापतात, तर मुक्त विद्यालयाच्या अर्जात विद्यार्थ्याचे नाव आणि आई-वडिलांची नावे वेगवेगळ्या रकान्यांत भरायची असतात. पुढच्या प्रवेश परीक्षांचे अर्ज दहावीच्या प्रमाणपत्रावरचे नाव प्रमाण मानतात. आमच्या मुलीच्या नावातला दीर्घ ईकार जन्मदाखल्यावर एका 'आय'ने आणि आधार कार्डावर दोन 'ई'नी लिहिलेला होता, आणि ते आमच्या लक्षात आले तेव्हा दहावीचा अर्ज भरण्याची मुदत नऊ दिवसांवर आली होती. चूक आमचीच होती. ते नऊ दिवस ज्या धावपळीत गेले ते आठवले की आजही पोटात गोळा येतो. म्हणून दहावीच्या अर्जाआधी किमान सहा महिने जन्मदाखला, आधार आणि शाळेचा दाखला एकमेकांशेजारी ठेवावेत, एक स्पेलिंग आणि एक क्रम पक्का करावा आणि बाकीचे सगळे त्याप्रमाणे दुरुस्त करून घ्यावेत.

अधिवास प्रमाणपत्र, म्हणजे डोमिसाइल, सेतू केंद्रातून किंवा 'आपले सरकार' संकेतस्थळावरून काढता येते. ते बारावीच्या वर्षी नव्हे, दहावी झाल्या झाल्या काढून ठेवावे. आरक्षणाचा लाभ घेणाऱ्या कुटुंबांनी जात पडताळणीचा विचार त्याहून आधी करावा. इतर मुलांचे अर्ज कनिष्ठ महाविद्यालयामार्फत जातात. आपल्या मुलासाठी तसे पत्र अभ्यासकेंद्र देईल का, हे प्रवेश घेतानाच विचारून घ्यावे. नॉन-क्रीमीलेयर प्रमाणपत्राची मुदत संपत असते, त्याचे साल पाहत राहावे.

या फाइलमध्ये एक साधी वहीही असावी. मुलाने त्या वर्षी कोणती पुस्तके वाचली, कोणता प्रकल्प केला, कुठे काम केले, कोणाकडे काय शिकले, हे महिन्याला अर्धे पान लिहून ठेवावे. परदेशी विद्यापीठांना, विशेषतः अमेरिकेतल्या, पालकांनी तयार केलेला अभ्यासाचा तपशील लागतो, आणि येथेही काही खासगी विद्यापीठे मुलाखतीत 'घरी राहून काय केलेस' हे विचारतातच. चार वर्षांनी आठवून लिहिलेला तपशील आणि त्या त्या महिन्यात लिहिलेला तपशील यांतला फरक वाचणाऱ्याला लगेच कळतो.

दिवस कसा लावावा

पंधरा वर्षांच्या मुलाला आईने आखलेले वेळापत्रक फार दिवस पटत नाही. आम्ही पहिले वर्ष त्यावरून वाद घालण्यात घालवले. दुसऱ्या वर्षी रविवारी रात्री ती स्वतः पुढच्या सहा दिवसांचे कागदावर लिहू लागली आणि माझ्याकडे फक्त शनिवारी संध्याकाळी ते तपासण्याचे काम आले. ठरवलेल्यातले निम्मे राहिले असेल तर मी रागावायचे नाही, पण काय राहिले आणि का राहिले हे तिने लिहायचे, एवढा एकच नियम होता. सकाळी साडेसहा ते साडेनऊ गणित आणि भौतिकशास्त्र, नाश्त्यानंतर रसायन किंवा जीवशास्त्र, दुपारी भाषा आणि वाचन, संध्याकाळी मैदान आणि गाणे, असा साधारण आकार त्यातून आपोआप आला. घड्याळी चार-पाच तास मन लावून केलेला अभ्यास बारावीच्या विज्ञानालाही पुरतो, कारण येण्याजाण्यात, हजेरीत आणि तासांच्या अदलाबदलीत वेळ जात नाही.

पालकांनी सगळे विषय स्वतः शिकवायचा हट्ट धरू नये. मला रसायनशास्त्रातले सेंद्रिय प्रकरण येत नव्हते आणि येत असल्याचे सोंग आणून मी दोन महिने वाया घालवले. शेवटी शेजारच्या गल्लीतल्या निवृत्त प्राध्यापकांकडे ती आठवड्यातून दोनदा जाऊ लागली. अशी माणसे प्रत्येक गावात असतात, त्यांना फक्त जाऊन विचारायला हवे. मुक्त विद्यालयाची पुस्तके संस्थेच्या संकेतस्थळावर मोफत मिळतात, 'स्वयं' या केंद्र शासनाच्या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावर त्यांचे अभ्यासक्रम आहेत आणि 'स्वयंप्रभा'च्या दूरचित्रवाणी वाहिन्यांवर धडे लागतात. या साधनांचा उपयोग होतो, पण अडलेले गणित समोर बसून सोडवून दाखवणाऱ्या माणसाची जागा ती घेत नाहीत.

प्रात्यक्षिकांचा सराव घरीही बराच होतो. आमच्या ओट्यावर एक बटाटा तळाशी सपाट कापून, वरून चमच्याने खळगा कोरून आणि त्यात साखरेचा पाक घालून पाण्याच्या बशीत ठेवला होता. पाकाची पातळी किती चढली ते ती टाचणी टोचून दर वीस मिनिटांनी नोंदवत होती आणि मधल्या वेळात आजी कुकर लावत होती. तर्षणाचा तो प्रयोग पुढे केंद्रावर परीक्षेत आला नाही, पण निरीक्षण लिहिताना 'पाणी वर गेले' आणि 'दोन तासांत पातळी आठ मिलिमीटर वाढली' यांतला फरक तिला त्या ओट्यावर कळला. जर्नल मात्र पहिल्या दिवसापासून नीट लिहावे. आकृती पेन्सिलीने, नावे एका बाजूला, तारीख प्रत्येक पानावर.

घरी शिकणाऱ्या मुलांची सर्वांत मोठी उणीव हस्तलेखनाची असते, आणि ती परीक्षेच्या तोंडावर येईपर्यंत कोणाच्या ध्यानात येत नाही. ही मुले खूप वाचतात, छान बोलतात, पण सलग तीन तास लिहिण्याची सवय त्यांच्या हाताला नसते. मुक्त विद्यालयाचे बहुतेक पेपर दुपारी अडीचला सुरू होतात. जेवण झालेले असते, उन्हाळा असतो, डोळ्यांवर झापड येते. आम्ही परीक्षेआधी तीन महिने दर शनिवारी बरोबर अडीचला जुनी प्रश्नपत्रिका टेबलावर ठेवत असू, पंखा मंद, पाण्याची बाटली शेजारी आणि मधे उठायचे नाही. पहिल्या शनिवारी दीड तासाने तिने पेन खाली ठेवले. "आई, उत्तर येतंय गं, पण हात चालत नाही," असे म्हणत तिने बोटे उघडून दाखवली. मधल्या बोटाच्या पेरावर लालभडक वळ उठला होता. सहाव्या शनिवारी तिने साडेपाचऐवजी सव्वापाचलाच पेपर संपवून उरलेल्या वेळात वाचूनही काढला. उत्तरे दुसऱ्या कोणाकडून तपासून घ्यावीत. आई-वडिलांना मुलाच्या मनात काय होते हे ठाऊक असते, म्हणून कागदावर नसलेल्या गोष्टीलाही ते गुण देतात.

दहावीनंतरचा फाटा आणि प्रवेश परीक्षा

दहावी झाल्यावर पुन्हा एकदा मुलाला मनापासून विचारावे. काही मुलांना या वयात कनिष्ठ महाविद्यालयात जावेसे वाटते, आणि तसे वाटणे म्हणजे घरशिक्षण फसले असे मुळीच नाही. मुक्त विद्यालयाच्या दहावीवर अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशप्रक्रियेत भाग घेता येतो. निकालाची तारीख आणि प्रवेशफेऱ्यांच्या तारखा यांवर मात्र डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावे लागते, कारण राज्य मंडळाचा निकाल आधी लागलेला असतो. प्रमाणपत्रासोबत येणारा स्थलांतर दाखला तिथे लागतो.

बारावीही घरूनच करायची असेल तर विषय ठरवण्याआधी प्रवेश परीक्षा ठरवाव्यात. येथे मुक्त विद्यालयाच्या सवलती आणि प्रवेशाचे नियम काही ठिकाणी एकमेकांना छेद देतात. जेईई मेन या अभियांत्रिकीच्या देशव्यापी प्रवेश परीक्षेसाठी मुक्त विद्यालयाची बारावी किमान पाच विषयांसह चालते. एनआयटी आणि आयआयटीच्या प्रवेशासाठी खुल्या प्रवर्गाला बारावीत ७५ टक्के किंवा आपल्या मंडळातील वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये येणे, अशी अट आहे. जेईई ॲडव्हान्स्डसाठी तर बारावीला पहिल्यांदा कोणत्या वर्षी बसलात हे पाहतात, त्यामुळे आयआयटीचा विचार असलेल्या मुलाने बारावीचे विषय तुकड्यातुकड्यांनी देऊ नयेत. दहावीला जी विभागणी हिताची ठरते तीच बारावीला अशी अंगाशी येऊ शकते. वैद्यकीय शिक्षणाबाबत मुक्त विद्यालयाच्या मुलांना पूर्वी अपात्र धरले जाई. ती तरतूद २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने रद्द ठरवली आणि पुढे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानेही वाट मोकळी केली. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय प्रात्यक्षिकांसह झालेले असणे मात्र आवश्यक आहे.

एमएचटी-सीईटी ही अभियांत्रिकी, औषधनिर्माणशास्त्र अशा अभ्यासक्रमांसाठीची महाराष्ट्राची प्रवेश परीक्षा राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमावर बेतलेली असते. तीत अकरावीचा भार सुमारे २० टक्के आणि बारावीचा ८० टक्के असतो आणि चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. मुक्त विद्यालयाच्या पुस्तकांतली प्रकरणांची मांडणी वेगळी आहे. म्हणून बालभारतीची अकरावी-बारावीची पुस्तके त्यांच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्यावीत, दोन्ही अनुक्रमणिका समोरासमोर ठेवाव्यात आणि आपल्या पुस्तकात नसलेल्या प्रकरणांवर लाल खूण करून ती वेगळी अभ्यासावीत. 'नीट' (वैद्यकीय प्रवेश परीक्षा) आणि जेईईसाठी हेच काम एनसीईआरटीच्या पुस्तकांशी करावे. आमचे हे ताडून पाहण्याचे काम दोन संध्याकाळी झाले आणि त्या दोन संध्याकाळींनी पुढची दोन वर्षे सोपी केली. केंद्रीय विद्यापीठांच्या पदवी प्रवेशासाठी २०२२ पासून सीयूईटी ही सामायिक परीक्षा आहे. ज्या मुलांना भाषा, इतिहास, अर्थशास्त्र यांत जायचे आहे त्यांनी हिचा विचार जरूर करावा. प्रवेश परीक्षेतले गुणच जेथे मोजतात तेथे बारावी कोणत्या मंडळाची, ही चर्चा आपोआप मागे पडते.

दहावी-बारावी न करताच थेट मोठ्या विद्यापीठात जाता येते का, असे काही पालक विचारतात. मुंबईच्या एका मुलीला २०१६ साली शालान्त प्रमाणपत्राशिवाय अमेरिकेतील एमआयटीत प्रवेश मिळाला, हे खरे आहे, पण तिच्या गाठीशी संगणकीय समस्यांच्या आंतरराष्ट्रीय ऑलिम्पियाडमधील पदके होती, आणि त्याच काळात बारावी नसल्यामुळे आयआयटीचे दार तिला बंद होते. अशी एखादी झेप पाहून आपल्या मुलाची बारावी सोडून देऊ नये. प्रमाणपत्र हाती असले की मोठी झेप घेणारेही अडत नाहीत आणि न घेणारेही.

सोबत, मैदान, कला

शालेय क्रीडास्पर्धांत शाळेमार्फतच नाव जाते, त्यामुळे ती संधी घरी शिकणाऱ्या मुलाला मिळत नाही, ही खरी हानी आहे आणि ती मुलापासून लपवू नये. जिल्हा संघटनांच्या स्पर्धा, क्लब आणि तालमी खुल्या असतात. संगीतात गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा प्रारंभिकपासून विशारदपर्यंत कोणालाही देता येतात, आणि प्रवेशिकेची परीक्षा दिलेल्या मुलाला अनोळखी परीक्षकासमोर बसण्याचे भय फारसे राहत नाही. समवयस्कांची सोबत ठरवून जमवावी लागते. वाचनालय, गिर्यारोहणाचा गट, उन्हाळ्यात एखाद्या रोपवाटिकेत किंवा दुकानात महिनाभर काम, अशा ठिकाणी आमच्या मुलीला तिची माणसे भेटली. रोपवाटिकेतल्या त्या एका महिन्यात कलमे बांधताना वनस्पतिशास्त्र घ्यायचे तिने ठरवले.

महाविद्यालयात पाऊल ठेवण्यापूर्वी

शेवटच्या सहा महिन्यांत अभ्यासाइतकाच वेळ काही साध्या सवयींना द्यावा. पन्नास मिनिटांचे व्याख्यान न थांबवता ऐकणे आणि ऐकता ऐकता टिपणे काढणे हे घरी शिकलेल्या मुलाला नवे असते, कारण त्याला न कळलेले लगेच विचारायची मुभा असते. गावातल्या महाविद्यालयातील खुली व्याख्याने, व्याख्यानमाला येथे त्याला वही घेऊन बसवावे. हजेरीचा ७५ टक्क्यांचा नियम आणि तो मोडला तर परीक्षेला बसू देत नाहीत, हे आधीच सांगून ठेवावे. स्वतःचे बँक खाते चालवणे, एकट्याने आरक्षण करून रेल्वेने जाणे, चार जणांपुरती खिचडी करणे, ताप आला तर डॉक्टरकडे जाऊन नीट सांगणे, ही कामे वसतिगृहात जाण्याआधी प्रत्येकी दोन-चारदा झालेली असावीत.

प्रवेशाच्या दिवशी खिडकीपलीकडच्या माणसाला मुक्त विद्यालयाचे गुणपत्रक परिचयाचे असेलच असे नाही. आमच्याकडे ते उलटसुलट करून पाहिले गेले आणि 'शाळेचा दाखला कुठे आहे' असे तीनदा विचारले गेले. अशा वेळी चिडून उपयोग नसतो. स्थलांतर दाखला, संस्थेच्या मान्यतेचे पत्र आणि डिजिलॉकरमधले गुणपत्रक दाखवून शांतपणे सांगावे, आणि गरज पडल्यास प्राचार्यांना भेटावे. दुसऱ्या मंडळातून आलेल्या विद्यार्थ्याला विद्यापीठाकडून पात्रता प्रमाणपत्र घ्यावे लागते. त्याचा अर्ज प्रवेश झाल्यावर लगेच भरावा, कारण तो राहिला तर पहिल्या सत्राचा निकाल अडतो. स्थलांतर दाखल्याची मूळ प्रत विद्यापीठाकडे जमा होते आणि परत मिळत नाही, म्हणून ती देण्यापूर्वी तिच्या दोन रंगीत प्रती साक्षांकित करून फाइलमध्ये ठेवाव्यात आणि ती फाइल पदवी हातात येईपर्यंत घरात एकाच, सगळ्यांना ठाऊक असलेल्या जागी असू द्यावी.